मोटारीचा मफलर : ठेवावा कीं काढावा?

पौषांतल्या पहांटे आजोबा फिरावयास निघाले म्हणजे गळ्याभोंवतीं लोंकरी मफलर गुंडाळून घेतात, हें आपल्याकडे घरोघर दिसणारें दृश्य आहे. याच नांवाची एक वस्तु अमेरिकेंत मोटारींच्या पोटाखालीं बांधलेली असते. आजोबांचा मफलर थंडी आवरतो, मोटारीचा मफलर आवाज आवरतो, एवढाच काय तो फरक. आपण इंग्रजांच्या वळणानें या दुसऱ्या वस्तूस सायलेन्सर म्हणतों. अमेरिकन लोक तिला मफलर म्हणतात. वस्तु एकच.

अशी उपयोगी वस्तु गाडीस असावी कीं नसावी, हा प्रश्न तरी कोणा शहाण्यास पडेल काय, असें वाचकांस वाटेल. परंतु अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत या एका प्रश्नावरून बापलेकांचे, शेजाऱ्याशेजाऱ्यांचे आणि तरुण मंडळी व पोलीस यांचे खटके कित्येक वर्षें उडत आले आहेत. एका बाजूस हौस, कारागिरी आणि थोडें यंत्रशास्त्र. दुसऱ्या बाजूस आजाऱ्याची झोंप आणि तान्ह्या मुलाची दुपार. आतां आपल्या गल्लीबोळांतहि मोटारसायकलींनीं हाच वाद आणून उभा केला आहे. तेव्हां दोन्ही पक्षांचें म्हणणें शांतपणें ऐकून मग निवाडा करावा, एवढ्याचसाठीं हा लेख.

हॉट रॉड म्हणजे काय?

‘हॉट रॉड’ याचा शब्दशः अर्थ ‘तापलेली कांब’ असा होईल. पण त्यावरून कांहींच बोध व्हावयाचा नाहीं. जुनी मोटार स्वस्तांत मिळवावयाची, तिच्या अंगावरचें अनावश्यक तें सारें उतरवावयाचें, एंजिनाची ताकद घरच्या घरीं वाढवावयाची, आणि मूळ कारखानदाराच्या स्वप्नांतहि नसेल अशा वेगानें ती पळवावयाची, या उद्योगांतून जी गाडी तयार होते तिचें हें नांव.

हा नाद मुख्यतः फोर्ड कंपनीच्या गाड्यांमुळें शक्य झाला. तिची ‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती आणि तेवढ्या काळांत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्यामागून ‘मॉडेल ए’ आली. १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखें दोन रांगांत मांडलेलें एंजिन सामान्य माणसास परवडेल अशा किंमतीच्या गाडींत घातलें. त्याची शक्ति ६५ अश्वशक्ति होती. आज हा आंकडा क्षुल्लक वाटेल. पण त्या काळीं मध्यम स्थितींतल्या घरच्या मुलाच्या हातीं एवढें बळ प्रथमच आलें. मोडींत निघालेल्या अशा गाड्या पुढें थोडक्या डॉलरांत मिळूं लागल्या, आणि घराच्या मागल्या अंगणांत हातोडी-पाना घेऊन बसणाऱ्या तरुणांची एक जातच निर्माण झाली.

गाडी पळविण्यास त्यांनीं जागाहि अपूर्व शोधून काढली. लॉस एंजेलिस शहरापासून शंभरेक मैलांच्या टापूंत मोहावे नांवाचें वाळवंट आहे. तेथें प्राचीन सरोवरें आटून त्यांचे तळ उघडे पडले आहेत. मैलच्या मैल सपाट, टणक, सारवलेल्या अंगणासारखी ती भूमि. झाड नाहीं, घर नाहीं, माणूस नाहीं. म्यूरॉक व एल मिराज हीं त्यांतलीं प्रसिद्ध ठिकाणें. शर्यतींस शिस्त असावी म्हणून १९३७ सालीं निरनिराळ्या क्लबांनीं मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली.

या तळ्यांवरचा एक रिवाज आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. गाडी आपल्याच चाकांवर शहरांतून तेथवर चालवीत न्यावयाची. तेथें पोंचल्यावर पुढची कांच, दिवे, चाकांवरचे चिखलपंखे हें सगळें खोलून बाजूस ठेवावयाचें आणि धुराची वाट मोकळी करावयाची. मग घड्याळ लावून जीव खाऊन धांवावयाचें. दिवस मावळूं लागला कीं सर्व सामान पुन्हां जागच्या जागीं चढवावयाचें आणि घरीं परतावयाचें. कारण दुसऱ्या दिवशीं पुष्कळांना त्याच गाडींतून कामावर जावयाचें असे. मफलर काढण्याची जागा कोणती आणि चढविण्याची कोणती, हें या मंडळींस कोणी शिकवावें लागलें नाहीं. आमच्या मतें सगळ्या वादाचें उत्तर या रिवाजांतच आहे. पण तें पुढें पाहूं.

आवाज येतो कोठून?

मोटारीच्या एंजिनांत दट्ट्याच्या चार खेपांत एक काम पुरें होतें. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत ओढणें, तें दाबणें, तें पेटवून त्याच्या जोरानें दट्ट्या खालीं लोटणें, आणि शेवटीं जळलेला धूर बाहेर टाकणें. यांतली धुराची झडप दट्ट्या तळाशीं पोंचण्यापूर्वींच थोडी उघडते. त्या क्षणीं आंतील वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. गोळीच्या सोडावॉटरची गोळी आंत ढकलतांच बाटली कशी फस्‌कन फुत्कारते, तें आपण पाहिलें आहे. तसाच, पण त्याहून कितीतरी तप्त व जोरकस फुत्कार येथें प्रत्येक सिलिंडरांतून निघतो. आठ सिलिंडरांच्या एंजिनांत आंसाच्या दर फेऱ्यास असे चार फुत्कार होतात. मिनिटास तीन हजार फेरे धरले, तर सेकंदास दोनशें! आपल्या कानास ते सुटे ऐकूं येत नाहींत. त्यांची मिळून एक गर्जना होते.

ही गर्जना शमविणारें नळकांडें पेटंट करून घेण्याचा मान इंडियाना राज्यांतील कोलंबस गांवच्या रीव्हज बंधूंकडे जातो. तें साल १८९७. या विषयांत आणखी एका घराण्याची कथा मौजेची आहे. प्रसिद्ध मॅक्झिम तोफ शोधून काढणाऱ्या हायरम मॅक्झिमचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम यानें १९०९ मध्यें बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचें पेटंट मिळविलें, आणि तेंच तत्त्व पुढें एंजिनांच्या धुराड्यांसहि लाविलें. बापानें जगाच्या कानठळ्या बसविल्या आणि मुलानें त्यावर उतारा काढला!

मफलराच्या पोटांत मुख्यतः दोन तऱ्हांची रचना असते. पहिल्या तऱ्हेंत लहानमोठे कप्पे पाडलेले असून धुरास वळणें घेत घेत जावें लागतें. जुन्या वाड्याच्या दिंडींतून तावातावानें शिरलेला माणूस देवडी, चौक, ओसरी, माजघर असें करीत परसांत पोंचेपर्यंत जसा निवतो, तशीच येथें ध्वनिलहरींची गत होते. त्या भिंतींवर आपटून परततात, एकमेकींस छेद देतात आणि पुष्कळशा आपसांतच नाहींशा होतात. दुसऱ्या तऱ्हेंत धुरासाठीं सरळ नळी असते. पण तिला असंख्य भोंकें पाडून भोंवतीं कांचेच्या तंतूंचा कापूस भरलेला असतो. धूर सरळ निघून जातो, आवाज मात्र भोंकांतून कापसांत शिरतो आणि तेथें घांसून घांसून उष्णतेच्या रूपानें विरतो. हॉट रॉडवाल्यांस ही दुसरी तऱ्हा विशेष प्रिय आहे, कारण तिच्यांत अडथळा थोडा. अर्थात्‌ आवाजहि तिच्यानें कमीच आवरतो.

काढावा म्हणणारांची बाजू

मफलर नको म्हणणारे सगळेच उडाणटप्पू असतात असें समजणें हा अन्याय होईल. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. धुरास बाहेर पडतांना अडथळा झाला, तर तो बाहेर ढकलण्यांत दट्ट्याचें थोडें बळ खर्च होतें, आणि थोडा धूर आंतच राहून नव्या मिश्रणाची जागा अडवितो. मूळ गाडीचा मफलर स्वस्त व शांत असावा अशा बेतानें केलेला असे. त्यांत आठहि सिलिंडरांचा धूर अखेर एकाच नळींत कोंबलेला. एंजिनाची शक्ति वाढविली कीं ही वाट अरुंद पडे. शिवाय फोर्डच्या त्या आठ सिलिंडरांच्या एंजिनांत धुराचे मार्ग खुद्द ओतीव ठोकळ्यांतूनच, थंड पाण्याच्या पोकळीला लागून काढलेले होते आणि प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांस मिळून बाहेर पडावयास तोंडें तीनच. त्यामुळें तें एंजिन तापट म्हणून ख्यात होतें. धूर लवकर बाहेर जावा, ही त्याच्या मालकाची इच्छा केवळ चैनीची नव्हती.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. दाबाची लहर नळींतून धांवत उघड्या तोंडाशीं आली, कीं तेथून ओढीची लहर बनून उलट परतते. ही परतणारी लहर नेमक्या वेळीं, म्हणजे धुराची झडप मिटण्यापूर्वीं, सिलिंडरापाशीं पोंचली तर उरलेला धूर ती शोषून घेते आणि ताज्या मिश्रणास आंत येण्यास हात देते. म्हणूनच शर्यतींच्या गाडीच्या नळ्यांची लांबी कारागीर मोठ्या विचारानें ठरवितात.

आणि नादाची गोष्ट? तीहि नाकारतां येत नाहीं. या एंजिनांत प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे फुत्कार सारख्या अंतरानें येत नाहींत. दोन पाठोपाठ, मग एक लांब, असा त्यांचा विषम ठेका पडतो. म्हणून एंजिन मंद चालत असतां एक खोल, गुरगुरता स्वर उमटतो. ज्यानें रात्री जागून आपल्या हातानें तें एंजिन जुळविलें, त्याला तो स्वर म्हणजे कष्टांचें फळ वाटतें. तबला मनाजोगा लागल्यावर वाजविणाऱ्याच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसतें, तेंच येथें.

ठेवावा म्हणणारांची बाजू

आतां दुसरी बाजू. गाडी जितकी गर्जते तितकी तिची ताकद अधिक, हा समज मुळांतच खोटा आहे. अगदीं मोकळ्या धुराड्यांतून जो कर्णकटु आवाज बाहेर पडतो, त्यांत एंजिनाच्या शक्तीचा हजारावा हिस्साहि नसतो. कान मोठा नाजुक असल्यामुळें त्या चिमूटभर शक्तीचा त्याला डोंगर वाटतो. तेव्हां आवाज दाबल्यानें कांहीं मोठें बळ कोंडलें जातें असें नाहीं, आणि तो सोडल्यानें बळ मिळतें असेंहि नाहीं. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते.

नळीच्या लांबीचा जो फायदा वर सांगितला, तो सुद्धां नुसता मफलर काढून फेंकल्यानें मिळत नाहीं. एक लांबी एंजिनाच्या एका ठराविक गतीलाच मानवते. वाटेल तेथें नळी तोडली, तर परतणारी लहर भलत्याच वेळीं येऊन आदळते, आणि गांवांतल्या मंद चालीवर गाडी पूर्वीपेक्षांहि अडखळते. असें झालें म्हणजे “एंजिनाला थोडा उलट दाब लागतोच” असें कांहीं लोक सांगतात. तें बरोबर नव्हे. एंजिनास उलट दाबाचें प्रेम मुळींच नाहीं; त्याला हवी असते ती योग्य मापाची नळी. शिवाय धुराची वाट बदलली कीं आंत येणाऱ्या हवेचें प्रमाणहि बदलतें. जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरांतून पेट्रोल त्या मानानें वाढवून दिलें नाहीं, तर मिश्रण पातळ होऊन एंजिन अधिकच तापतें.

तिसरा मुद्दा जिवाचा आहे. घाईनें मफलर काढला म्हणजे धुराड्याचें तोंड पुष्कळदां गाडीच्या पोटाखालींच राहतें. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. जुन्या गाडीच्या तळच्या फटींतून तो आंत शिरला, तर बसणारांस गुंगी येते आणि प्राणावर बेतूं शकतें. म्हणून नळी बसणारांच्या पाठीमागें किंवा बाजूस पुरती बाहेर काढणें, ही पहिली दक्षता.

मफलर ठेवून वेग मिळत नाहीं, ही तक्रार खोडून काढणारें एक ठळक उदाहरण इंग्लंडांत घडलें आहे. सरे परगण्यांत ब्रुकलंड्स येथें मोटारींच्या शर्यतींसाठीं कॉंक्रीटची वर्तुळाकार वाट १९०७ सालीं खुली झाली. आसपासच्या रहिवाशांस त्या गडगडाटानें इतका त्रास झाला, कीं १९२० नंतरच्या दशकांत प्रकरण कोर्टापर्यंत गेलें, आणि अखेर त्या वाटेवर धांवणाऱ्या गाड्यांस मोठा डबा व माशाच्या शेपटासारखें तोंड असलेला सायलेन्सर सक्तीचा झाला. शर्यतींचा आतां अंत झाला, असें अनेकांस वाटलें असेल. पण ब्रुकलंड्सवरचा सर्वांत वेगवान फेरा या सक्तीच्या काळांतच झाला! १९३५ सालीं जॉन कॉब यानें विमानाचें एंजिन बसविलेली आपली नेपियर-रेल्टन गाडी तासास १४३.४४ मैल या सरासरी वेगानें पळविली. १९३९ मध्यें ती वाट बंद पडेपर्यंत हा विक्रम कोणास मोडतां आला नाहीं.

तडजोड कशी निघाली?

कॅलिफोर्नियांत दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नानें उग्र रूप धरलें. लढाईवरून परतलेल्या तरुणांच्या हातीं पैसा होता, यंत्रांचें ज्ञान होतें आणि अंगांत रग होती. कित्येकजण वाळवंटापर्यंत जाण्याचा खटाटोप न करतां शहराच्या रस्त्यांवरच रात्रीं-बेरात्रीं शर्यती लावूं लागले. अपघात झाले, लोकांची झोंप उडाली, वर्तमानपत्रांनीं कोरडे ओढले. आणि आवाज करणारी प्रत्येक जुनी गाडी व तिचा मालक गुन्हेगार ठरूं लागला. कांहीं थोड्यांच्या दांडगाईमुळें सबंध छंदावरच बंदी येते कीं काय, असा तो प्रसंग होता.

अशा वेळीं त्यांतल्याच समंजस मंडळींनीं जें केलें तें अनुकरणीय आहे. जानेवारी १९४८ मध्यें त्यांच्या संस्थेनें लॉस एंजेलिस येथें हॉट रॉड गाड्यांचें प्रदर्शन भरवून ही कारागिरी लोकांस जवळून दाखविली. त्याच महिन्यांत ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. १९५० सालीं सँटा ॲना येथें विमानतळाच्या धांवपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या, आणि पुढल्याच वर्षीं वॉली पार्क्स प्रभृतींनीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन करून गांवोगांव अशा सुरक्षित धांवपट्ट्यांचा पुरस्कार केला. मोकळी गर्जना हवी ना? मग ती येथें या आणि करा. रस्त्यावर मात्र सभ्यपणें चाला, असा हा सरळ सौदा होता.

यंत्रांतहि एक तडजोड निघाली. मुख्य नळीस मफलराच्या अलीकडे एक फाटा काढून त्यावर झांकण बसवावयाचें. तळ्यावर गेलें कीं झांकण खोलावें, गांवांत शिरण्यापूर्वीं घट्ट बसवावें. त्या तळ्यांवरूनच या नळ्यांस ‘लेक पाइप’ असें नांव पडलें. मात्र चालत्या गाडींत कळ दाबून मफलर टाळण्याची जी युक्ति, ती कायद्यास मान्य नाहीं. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचें २७१५० वें कलम प्रत्येक मोटारीस चांगल्या स्थितींतला मफलर असावाच असें सांगतें आणि असल्या पळवाटेस स्पष्ट मनाई करतें. साध्या मोटारीच्या आवाजास तेथें ९५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे.

कानाची आणि शेजाऱ्याची गोष्ट

डेसिबलचें गणित थोडें फसवें आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते, वीस वाढले म्हणजे शंभरपट. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत सोसावा, असें आरोग्यतज्ज्ञ सांगतात. पुढें दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी होत जाते, आणि १०० डेसिबलपाशीं ती अवघ्या पाव तासावर येते. कानाच्या आंतल्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी आवाज टिपतात, त्या एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. तेव्हां मफलरावांचून गाडी हांकणारा तरुण पहिलें नुकसान स्वतःचेंच करतो. साठीनंतर नातवंडांचे बोबडे बोल ऐकण्यासाठीं जे कान लागणार, ते तो विशींतच खर्चीं घालीत असतो.

दुसरें नुकसान शेजाऱ्याचें. डोळे मिटतां येतात, कान मिटतां येत नाहींत. वाहन चालविणारा आपला छंद आपल्या खुषीनें भोगतो; पण त्या रस्त्यावरच्या शंभर घरांनीं तो न मागतां भोगावा, हा कोणता न्याय? एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस ही गोष्ट समजावून सांगावयास नको. माजघरांत कोणी आजारी असलें, तर आपण ओसरीवर देखील हळू बोलतों. पाळण्यांत मूल निजलें असतां कडी सुद्धां जपून लावतों. रस्ता म्हणजे सर्व गांवाची ओसरीच नव्हे काय?

आपल्याकडे हॉट रॉड फारसे नाहींत. पण मोटारसायकलीचा मूळचा सायलेन्सर काढून तेथें फटाक्यासारखे बार काढणारें नळकांडें बसविण्याची आवड मात्र पुष्कळ बोकाळली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असें बजावतो, आणि महाराष्ट्रांतल्या शहरांतून पोलिसांनीं जप्त केलेलीं असलीं नळकांडीं रोडरोलरखालीं चिरडल्याचीं चित्रें वर्तमानपत्रांतून आपण पाहिलीं आहेत. शिक्षेनें थोडें काम होईल. पण घरांतल्या मुलास यंत्राची खरीखुरी गोडी असेल, तर वडील माणसांनीं केवळ रागें भरून भागणार नाहीं. त्याला एंजिन खोलून पाहूं द्यावें, नळीच्या लांबीचें शास्त्र समजावून घेऊं द्यावें, शर्यतीच्या रीतसर मैदानाची वाट दाखवावी. गर्जना म्हणजे शक्ति नव्हे, हें ज्याला यंत्राकडून कळलें, त्याला तें आपल्या सांगण्याची जरूर उरत नाहीं.

आतां निवाडा. मफलर काढावा कीं ठेवावा, हें जागेवरून ठरवावें. जेथें मैलोगणती माणूस नाहीं, त्या आटलेल्या तळ्यावर धुराड्याचें तोंड खुशाल मोकळें सोडावें; तेथें ती गर्जना शोभते. पण परतीच्या वाटेवर पहिलें घर दिसूं लागण्यापूर्वीं गाडी थांबवावी, खालीं उतरावें आणि मफलर पुन्हां जागच्या जागीं बसवावा. म्यूरॉकच्या तळ्यावरून सांजवेळीं घरीं परतणारीं तीं पोरें हेंच करीत असत, आणि त्यांच्या गाड्या त्यामुळें कांहीं कमी धांवल्या नाहींत.